डोक्याच्या मापाचं कडं

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या महिन्यात तासगावकडच्या एक आजी मिरजेला मेंदूच्या पेट स्कॅनसाठी आल्या होत्या. विसर पडायला लागला म्हणून मुलगा घेऊन आला होता. मी तिथला तंत्रज्ञ. त्यांना टेबलावर झोपवलं, कपाळावर पट्टा बांधला आणि म्हटलं, "आजी, आता डोकं हलवायचं नाही हं." स्कॅन सुरू झाला न झाला तोच आवाज आला, "बाळा, पदर तेवढा सारखा करू का?" आणि मान हललीच.

आपल्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो. म्हणून आम्ही शिरेतून किरणोत्सारी साखर देतो. अल्झायमरमध्ये मेंदूचे ठरावीक भाग ती कमी घेतात. साखरेला जोडलेल्या फ्लोरिन-18 मधून शेवटी दोन गॅमा किरण निघतात, एकमेकांच्या उलट दिशेनं. डोक्याभोवतीच्या यंत्राच्या कड्यातले स्फटिक ते एकाच क्षणी पकडतात, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवरून साखर कुठे आहे ते कळतं.

अडचण या कड्याचीच आहे. ते पोटाच्या घेराला बेतलेलं, डोक्याला फारच ढगळ. बरेच किरण निसटतात. शिवाय ते दोन किरण अगदी एका रेषेत जात नाहीत, आणि कडं जेवढं मोठं तेवढी ती चूक वाढते. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी 2 ते 4 मिलिमीटर, आणि नेहमीच्या यंत्राची नजर 4-5 मिलिमीटरपर्यंतच!

मग कडं जवळ आणावं, तर तिरके किरण घोळ घालतात. उसाच्या फडात तिरका शिरलेला माणूस कुठल्या सरीत थांबला, हे बांधावरून कळत नाही, तसंच हे. त्यासाठी किरण स्फटिकात किती खोल थांबला हे मोजावं लागतं. अमेरिकेत येल विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी घडवलेल्या 'न्यूरोएक्सप्लोरर' यंत्रात ही सोय आहे. ते 2 मिलिमीटरहून बारीक पाहतं, आणि कॅमेऱ्यानं डोक्याची हालचाल टिपून चित्र सावरून घेतं. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

किरणोत्सारी साखरेचं औषध तर थांबत नाही. दर 110 मिनिटांनी ते निम्मं होतं. औषधाची गाडी पुण्याहून साताऱ्याला येईपर्यंत अर्धं सरलेलं. उरलेल्यातला एकेक किरण पकडायचा, तर आपल्याकडेही डोक्याच्या मापाचं यंत्र हवंच.

आजींचा स्कॅन आम्ही त्याच दुपारी पुन्हा केला. या वेळी टेबलावर चढण्याआधीच त्यांनी पदर घट्ट खोचून घेतला होता.