देवीप्रसाद : वर्ग, कचेरी आणि चाक

[दृश्य : कुंभाराचं चाक. मातीचा गोळा मध्यावर आणला जातोय.]

चाकावर गोळा थापला की आधी तो मध्यावर आणायचा. कोपर मांडीला टेकवायचं, तळव्यानं दाब धरायचा. जोर जास्त झाला की माती हातालाच उडवते. सैल सोडली की भेलकांडते. देवीप्रसाद यांनी हे काम कित्येक दशकं केलं, पण नुसतं कुंभार म्हणून त्यांची ओळख पुरी होत नाही. ते चित्रकार, कलाशिक्षक, छायाचित्रकार आणि मासिकाचे संपादक होते. शिवाय दहा वर्षं लंडनमध्ये एका जागतिक युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीसही. आणि या सगळ्याचा मोठा तुकडा घडला आपल्या वर्ध्याजवळ.

[दृश्य : शांतिनिकेतनातली भित्तिचित्रं, उघड्यावरची शिल्पं]

जन्म 1921 चा, डेहराडूनचा. 1938 मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. चित्रकार नंदलाल बोस मुख्य गुरू. त्याच सुमारास तिथले शिल्पकार रामकिंकर बैज सिमेंट आणि लाल मुरमाच्या खडीतून 'संथाल कुटुंब' हे शिल्प उघड्या मैदानात उभं करत होते. त्याच वर्षी काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालबाबूंनी गावातल्या कामकऱ्यांची चित्रं काढली होती. चित्र भिंतीवर टांगायचं आणि भांडं स्वयंपाकघरात ठेवायचं, ही वाटणी त्या आवारात चालतच नसे.

[दृश्य : सेवाग्राम. कुडाच्या भिंती, कौलं, कापसाची शेतं]

1944 मध्ये ते सेवाग्रामला आले. इथे गांधीजींच्या 'नई तालीम' शिक्षणपद्धतीची शाळा चालवत होते आर्यनायकम आणि आशादेवी. हे दांपत्यही टागोरांच्याच तालमीतलं, त्यामुळे शांतिनिकेतन ते वर्धा ही वाट आधीच मळलेली होती.

शाळेचं सूत्र सरळ : मूल हातानं काम करता करता शिकेल. सूत काढेल, शेत राखेल, स्वयंपाक करेल. टकळीवर बसलेलं पोर काय करतंय हे कुणालाही सांगता येतं. सूत निघतं, सुताचं कापड होतं. पण चित्र काढणारं पोर काय पिकवतं? स्वावलंबनाचा ध्यास घेतलेल्या जागी हा प्रश्न खोचकच.

देवीप्रसाद यांनी त्याचं उत्तर वर्गात दिलं आणि पुढे बालकलेवर पुस्तक लिहूनही दिलं. कला हा अभ्यासक्रमाला जोडलेला एक विषय नव्हे, शिक्षणाचा पायाच तो, असं त्यांचं म्हणणं. लहान मुलापुढे नमुना ठेवून 'असं काढ' म्हणायचं नाही. कागद द्या, रंग द्या, वेळ द्या आणि आपला हात त्याच्या कागदापासून लांब ठेवा. इंग्लंडमध्ये कलासमीक्षक हर्बर्ट रीड हेच मांडत होते. हे रीडही शांततावादी होते, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आपल्याकडे काय होतं, ते सांगायला नको. पोर्शन मागे पडला की चित्रकलेचा तास गणिताला जातो. पुढे एलिमेंटरी, इंटरमीजिएट उरकायच्या, गुणांची सोय करायची, की रंगपेटी माळ्यावर.

'नई तालीम' मासिकाचं संपादनही त्यांच्याकडे आलं. दिवसा वर्ग, मग लेख, प्रुफं. आणि माती होतीच.

[दृश्य : वाळलेली, भेगाळलेली काळी जमीन. मग देशी भट्टी पेटते.]

वर्ध्याची काळी जमीन कापसाला उत्तम, कुंभाराला मात्र नुसती तीच घेऊन चालत नाही. पाणी लागलं की फुगते, वाळताना आकसते आणि भेग पडते. म्हणून कुंभार तळ्याचा गाळ निवडतो, त्यात राख किंवा लीद मिसळतो. गावच्या भट्टीत आच साधारण हजार अंशांच्या आतच राहते. त्या मडक्यातून पाणी पाझरतं, म्हणूनच ते गार होतं. चहाच्या कपाला हे कसं चालेल? त्याला लागतं स्टोनवेअर : बाराशे-तेराशे अंशांची भट्टी, आणि वर काचेसारखा वितळून बसलेला ग्लेझ. देवीप्रसाद यांनी पुढे रोजच्या वापरातली अशी भांडी घडवली. कपाटात मिरवायला नव्हे, वापरायला.

[दृश्य : 1960 च्या दशकातलं लंडन, मोर्चे]

1962 मध्ये ते वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल या युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीस झाले. मोडलेली बंदूक हे या संघटनेचं चिन्ह. व्हिएतनाम युद्धाचे ते दिवस. सक्तीची सैन्यभरती कुठल्या देशात कशी चालते, याचा जागतिक आढावा त्यांनी 1968 मध्ये सहकाऱ्यासोबत संपादित केला. त्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोवाकियात शिरले, तेव्हा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी थेट मॉस्को, वॉर्सा, बुडापेस्ट आणि सोफियात जाऊन निषेध केला. अमेरिकेला विरोध आणि रशियाला सूट, असला हिशेब तिथे नव्हता. हे त्या काळात फार थोड्यांना जमलं.

कचेरी होती तरी चाक सुटलं नाही.

[दृश्य : स्टोनवेअरची भांडी, जवळून]

1983 मध्ये ते भारतात परतले. दिल्लीत पुन्हा भट्टी, पुन्हा विद्यार्थी. 2007 मध्ये ललित कला अकादमीनं 'ललित कला रत्न' दिलं, आणि 2010 मध्ये दिल्लीत त्यांची चित्रं, छायाचित्रं आणि भांडी एकाच प्रदर्शनात मांडली गेली. नव्वदीला टेकलेल्या माणसाचं हे पहिलं मोठं सिंहावलोकन. कलाजगताला त्यांना नेमकं कुठे बसवावं हे कळत नव्हतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांनी स्वतः त्यासाठी कधी धडपड केली नाही. 2011 मध्ये ते गेले.

सेवाग्रामची जुनी शाळा मधल्या काळात बंद पडली होती. 2005 मध्ये त्याच आवारात आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. शेती, स्वयंपाक आणि सूतकताई आज तिच्या वेळापत्रकात आहेत.