फुतोआन : पंतप्रधानांची भट्टी

(दृश्य : फळीवर मातीचा गोळा, वरून दोन तळवे)

कणीक तिंबावी तशी माती मळायची, पण दर दाबाला थोडी फिरवत. गोळ्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या वळ्या पडतात. जपानीत या मळणीचं नावच शेवंतीवरून आहे. आत हवा राहिली तर भिंत तिथे फुगते. भट्टीत भांडं फुटतं ते मात्र बहुधा ओलीमुळे.

हे हात मोरिहिरो होसोकावा यांचे. १९९३ साली ते जपानचे पंतप्रधान झाले, आठ महिन्यांत पायउतार. १९९८ मध्ये, साठीला, खासदारकीही सोडली आणि नारा इथल्या त्सुजिमुरा शिरो यांच्याकडे कुंभारकाम शिकायला गेले.

(दृश्य : युगावारा गाव, होसोकावांच्या कार्यशाळेवर ‘फुतोआन’ची पाटी)

‘फुतो’ म्हणजे ‘पूर्वेला नाही’. काम पुरं झाल्याशिवाय पूर्वेला, मायदेशी परतणार नाही, हा भारताकडे निघालेल्या ह्युएनत्सांगचा निश्चय. तोच ह्युएनत्सांग पुढे महाराष्ट्रातही येऊन गेला.

(दृश्य : वाडगा घडतो आहे)

राकू म्हणजे जपानी चहासमारंभासाठी हातानेच भांडी घडवायची रीत. राकूच्या वाडग्याला चाक लागत नाही. मातीत भाजलेल्या मातीची भरड मिसळलेली असते, म्हणून ती अचानक तापणं-निवणं सोसते. चकती थापायची आणि तळव्यांनी कड वर उचलत न्यायची. सुकताना, भाजताना वाडगा साधारण एक दशांश आटतो, तेव्हा बारा सेंटिमीटरचा हवा असेल तर ओला सव्वातेराच्या पुढे. माती चामड्यासारखी घट्ट झाली की पातीने आतून-बाहेरून कोरायची. घाई केली तर पाती ओढते, उशीर केला तर कपरे उडतात. खरी परीक्षा बुडाच्या कड्याची. बूड जाड राहिलं तर वाडगा हाताला दगडासारखा लागतो, आणि सुकताना बुडालाच चीर जाते.

चहाचं हे वेड घराण्यातलं. पूर्वज होसोकावा तादाओकी हे चहागुरू सेन नो रिक्यू यांचे शिष्य.

(दृश्य : भट्टीचं तोंड, सांडशी)

काळी झिलई परंपरेने क्योतोच्या कामो नदीतला दगड कुटून करतात. ती वितळून चकाकू लागली की लालबुंद वाडगा सांडशीने बाहेर. पटकन निवला तर काळा. भट्टीतच रेंगाळला तर तपकिरी.

२०१४ मध्ये अणुऊर्जेला विरोध म्हणून होसोकावा टोकियोच्या गव्हर्नरपदाला उभे राहिले, हरले.

(दृश्य : वाडग्यावरची खूण, जवळून)

हा सांडशीचा दात. तो घासून काढत नाहीत. चहाआधी वाडगा कोमट पाण्यात ठेवायचा. कोरडा असला तर चहाचा डाग पिऊन घेतो.