एका डोंगररांगेच्या दोन उतारांवरचं सागवान

मंडळी, म्यानमार आणि थायलंड यांच्या लाकूडव्यापाराची तुलना करायची तर आधी नकाशात नद्या शोधा. सीमेवरच्या डोंगरांच्या पश्चिम उतारावर पडलेला सागाचा ओंडका साल्वीन नदीने मौलमीनला पोचायचा. पूर्वेकडचा ओंडका पिंग, वांग, योम, नान यांपैकी एखाद्या नदीतून चाओ फ्राया आणि तिथून बँकॉक गाठायचा. सागवान तेच, आणि बॉम्बे बर्मासारखी इंग्रजांची लाकूडकंपनी दोन्हीकडे. याच कंपनीला ठोठावलेल्या दंडावरून 1885 साली इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, थिबा राजा कैद होऊन रत्नागिरीला आला, हे आपल्याला ठाऊकच आहे.

ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून बुंध्याभोवतीची साल आणि तिच्या आतलं पांढरं लाकूड गोल खाचून टाकायचे आणि झाड दोन-तीन वर्षं उभ्या-उभ्याच वाळू द्यायचे. मग ते पाडायचं, हत्तीकडून ओढ्यापर्यंत आणायचं आणि पावसाळ्यातल्या पुराची वाट बघायची. आज खाचलेलं झाड बाजारात यायला कित्येक वर्षं लागत. या संथपणानेही जंगल राखलं, असं माझं मत आहे. ब्रँडिस हा जर्मन वनतज्ज्ञ 1856 मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या (आजच्या बागोच्या) जंगलांचा अधिकारी झाला आणि ठरावीक घेराच्या वरचीच झाडं तोडायची शिस्त त्याने घालून दिली. सयामने, म्हणजे तेव्हाच्या थायलंडने, 1896 मध्ये वनखातं काढलं, तेव्हा त्याचा पहिला प्रमुख स्लेड हाही ब्रह्मदेशातूनच आणला होता.

पुढे ट्रक आले, रस्ते आले आणि लाकूड तरंगण्याची गरजच संपली. थायलंडमध्ये हे फार झपाट्याने झालं. 1961 मध्ये निम्म्याहून अधिक भूभागावर जंगल होतं. 1988 पर्यंत ते 28 टक्क्यांवर आलं. त्याच नोव्हेंबरात दक्षिणेत अतिवृष्टी झाली, उघडे डोंगर घसरले आणि चिखलाबरोबर ओंडके गावांत घुसले. शेकडो माणसं गेली. जानेवारी 1989 मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलातल्या तोडीवर बंदी घातली.

पण लाकूड कापणाऱ्या गिरण्या बंद झाल्या नाहीत. बंदीच्या आधीच, डिसेंबरात, थायलंडचे लष्करप्रमुख चवलित रंगूनला जाऊन आले होते. तिथल्या लष्करी राजवटीला परकीय चलन हवं होतं. सीमेलगतच्या जंगलांचे ठेके थाई कंपन्यांना मिळाले आणि 1993 अखेरपर्यंत ते चालले. बंदी योग्यच होती, यात मला शंका नाही. पण तिचं यश फक्त थायलंडच्या आकड्यांवरून मोजणं मला पटत नाही. कुऱ्हाड डोंगर ओलांडून पलीकडे गेली होती.

थायलंडला खरा आधार मिळाला तो रबराच्या झाडाचा. साधारण पंचवीस वर्षांनी चीक कमी झाला की हे झाड तोडतात. पूर्वी ते सरपणात जायचं, कारण बुरशी आणि किडे त्याला काही दिवसांतच धरतात. कापल्याबरोबर बोरॉनचं द्रावण मुरवून भट्टीत वाळवायची पद्धत रुळली आणि त्याचं फर्निचर होऊ लागलं. आज थायलंडचं हे चिरीव लाकूड मुख्यतः चीनला जातं.

म्यानमार मात्र कितीतरी वर्षं कच्चे ओंडकेच विकत राहिला, आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक होता. ओंडक्यांची निर्यात 1 एप्रिल 2014 पासून थांबली. 2016 मध्ये देशभर वर्षभरासाठी तोड बंद झाली, आणि बागो योमा डोंगररांगेत, म्हणजे ब्रँडिसच्याच जंगलात, दहा वर्षांसाठी. 2021 च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले.