आधी भांग पाडून कातडी बघा

नमस्कार श्रोतेहो. केस गळायला लागले की आपण आधी कंगव्यातला पुंजका बघतो. मग तेल बदलतो, शाम्पू बदलतो, कुणी सांगितलं म्हणून कांद्याचा रस चोळतो. केसांखालची कातडी मात्र भांग पाडून, उजेडात बसून कुणी बघत नाही. माझा आग्रह तिथूनच सुरू होतो. बाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असतं ते कातडीत काही मिलिमीटर खोल रुतलेलं मूळ. कातडी सुजली, तर त्याची झळ मुळापर्यंत पोचते.

कोंड्याचंच घ्या. डोकं कोरडं पडलंय, तेल चोपडा, असं घरोघरी सांगतात. खरी गोष्ट उलट आहे. मालासेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि ती कातडीतल्या तेलकट द्रवावर जगते. ते पचवताना मागे राहणारी आम्लं काहींच्या कातडीला सोसत नाहीत. खाज सुटते, कातडी भराभर सुटून खपल्या पडतात. रात्रभर तेल ठेवलं की खपल्या चिकटून बसतात, दोन दिवस बरं वाटतं, पण बुरशीला आयतं खाणं मिळतं. नुसत्या कोंड्याने टक्कल पडत नाही. पण सततची सूज आणि नखांनी खाजवणं यामुळे केस तुटतात, जास्त गळतात. सूज उतरली की ते परत येतात.

यावर २ टक्के कीटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू मिळतो. तो केसांना नाही, कातडीला लावायचा, ३ ते ५ मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. आठवड्यातून दोनदा, असं २ ते ४ आठवडे. लावल्या लावल्या पाणी ओतलं, तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही.

खपल्या जाड, चंदेरी असतील आणि कपाळावर किंवा कानामागे उतरल्या असतील, तर तो सोरायसिस, म्हणजे कातडीचा एक चिवट आजार, असू शकतो. त्या कंगव्याने खरवडू नका. जखमेच्या जागी सोरायसिसचा नवा चट्टा उठू शकतो.

आता मुलांबद्दल, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते. शाळकरी मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा, त्यावर राखाडी खपल्या, आणि केस कातडीलगत तुटून काळे ठिपके उरलेले: हे बहुतेक वेळा डोक्यातलं गजकर्ण, म्हणजे एका वेगळ्या बुरशीचा संसर्ग असतो. कधी तिथे पू भरून मऊ गाठ येते आणि घरचे केसतोड समजून ती पिळतात. कृपा करून पिळू नका. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावली, तर खाज थांबते आणि बुरशी मात्र पसरत राहते. ही बुरशी केसाच्या आतच शिरलेली असते, त्यामुळे नुसतं मलम तिथवर पोचत नाही. ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिनसारखं पोटात घ्यायचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे द्यावं लागतं. पू झालेल्या गाठीवर उपचार लांबले, तर व्रण राहतो आणि तिथे केस पुन्हा कधीच उगवत नाहीत. घरातल्या बाकीच्या मुलांची डोकीही तपासा. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवा. मुलाची शाळा मात्र बंद करू नका, औषध सुरू झालं की ते जाऊ शकतं.

चाई वेगळी. तिथे चट्टा गुळगुळीत असतो, खपली नाही, पू नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते, पण मुळं जिवंत राहतात, म्हणून केस परत येऊ शकतात. त्यावर लसूण घासून कातडी भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, लहान मुलंसुद्धा.

कातडीच्या डॉक्टरांकडे जाल त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, रंगही नको. आजवर लावलेल्या ट्यूब आणि बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत न्या.