दगडातलं सुतारकाम आणि भिक्षूंचं व्याज

श्रोतेहो, नमस्कार.

कार्ल्याला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. पुष्कळांची वाट एकवीरेच्या दर्शनाची. देवळामागे डोंगरात कोरलेली भलीमोठी कमान दिसते, तिथे फोटो होतो, आत डोकावून 'केवढं मोठं आहे हो!' म्हणून होतं, आणि माणसं पायऱ्या उतरू लागतात. यात त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही. समोरच्या गोष्टीला काय म्हणतात आणि ती तिथे कशासाठी आहे हेच माहीत नसेल, तर नजर ठरणार कुठे? कलेच्या इतिहासाची पुस्तकं उघडावीत तर शेवटी संज्ञांची भली लांब यादी: चैत्य, विहार, हर्मिका, वेदिका, अधिष्ठान, अंतराळ. परीक्षेसाठी ती पाठ केलेले लोक मला भेटतात आणि त्यांना त्यातलं काहीही आठवत नसतं. म्हणून आज यादी नको. काही मोजके शब्द घेऊ आणि ते ज्या दगडाचे आहेत, तिथेच जाऊन उभे राहू.

कार्ल्याचं ते मोठं लेणं म्हणजे चैत्यगृह. ज्यात पूजेसाठी स्तूप आहे, असं प्रार्थनेचं दालन. साधारण ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि तितकंच उंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं काम, असं अभ्यासक मानतात. दालनाचा मागचा टोकाचा भाग सरळ नाही, गोलाई घेऊन वळतो. या आकाराला चापाकार किंवा गजपृष्ठाकृती म्हणतात. तो असा का, तर त्या टोकाला स्तूप आहे आणि स्तूपाला प्रदक्षिणा घालायची आहे. फिरणाऱ्या माणसाच्या वाटेत कोपरा कशाला हवा? डाव्या-उजव्या खांबांच्या रांगा आणि भिंत यांच्यामध्ये जी बोळासारखी वाट राहते, ती प्रदक्षिणापथ.

आता खांब मोजू. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागच्या वळणावर सात, एकूण ३७. पंधरा-पंधराच्या रांगांतल्या खांबांना खाली पायऱ्यापायऱ्यांची बैठक, तिच्यावर घडा, मग अष्टकोनी दांडा, वर उलट्या घंटेसारखं शीर्ष, आणि त्याच्याही वर गुडघे टेकून बसलेले हत्ती. हत्तींवर माणसं, बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांच्या जोड्या. हत्ती मधल्या दालनाकडे तोंड करून आहेत. त्याच शीर्षाच्या मागच्या अंगाला, म्हणजे प्रदक्षिणापथाच्या बाजूला जाऊन वर पाहिलंत तर घोडे दिसतील. ते बघायला सहसा कुणी जात नाही. आणि स्तूपामागचे सात खांब? नुसते अष्टकोनी दांडे. बैठक नाही, घडा नाही, हत्ती नाही. दर्शनी भागातून ते स्तूपाआड जातात. त्या काळच्या लोकांनाही खर्चाचं गणित कळत होतं, असं मला तरी ते खांब पाहताना वाटतं.

वर पाहा. छताला कमानीसारख्या वळवलेल्या लाकडी फासळ्या आहेत, सागवानी, आणि मुळातल्या. सुमारे दोन हजार वर्षांचं लाकूड! पण त्या छत पेलत नाहीत. छत म्हणजे अखंड डोंगर, त्याला आधाराची गरजच नाही. मग त्या का लावल्या? कारण हे कारागीर ज्या इमारती पाहत आणि बांधत आले होते त्या लाकडाच्या होत्या. प्रार्थनेचं दालन म्हटलं की फासळ्या हव्यातच, हा त्यांचा संस्कार. समोर भाज्याला गेलात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. मळवली स्टेशनच्या एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे. एका दिवसात दोन्ही होतात. भाज्याचं चैत्यगृह कार्ल्याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. तिथले २७ खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते आत कलते उभारायचे असतात. दगडात तो रेटा नाहीच, तरी खांब कलतेच कोरले. कार्ल्याला येईपर्यंत कारागिरांचा दगडावर विश्वास बसला आणि खांब सरळ झाले. कुठलं चैत्यगृह आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ठरवायला अभ्यासकांना असा कल फार उपयोगी पडतो.

स्तूपाचे शब्द झटकन सांगून टाकतो. खालचा ढोलासारखा भाग मेधी, वरचा अर्धगोल अंड, त्यावरची चौकोनी पेटी हर्मिका, आणि सगळ्यात वर छत्र. मेधीभोवती कठड्याची नक्षी असते, ती वेदिका. मुळात लाकडी कुंपण, इथे दगडात उठवलेलं. कार्ल्याच्या स्तूपावरचं छत्र आजही लाकडाचंच आहे. समोरच्या प्रचंड नालाकृती गवाक्षातून येणारा उजेड थेट याच स्तूपावर पडावा, अशी सगळी रचना. त्या गवाक्षाला चैत्यगवाक्ष म्हणतात. पुढे हाच आकार इतका लाडका झाला की हिंदू देवळांच्या शिखरांवर बोटभर आकाराच्या नक्षीत तो शेकड्याने कोरलेला सापडतो.

हे सगळं कुणी केलं? राजाने, असं आपण गृहीत धरतो. कार्ल्याच्या भिंती वेगळं सांगतात. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी, म्हणजे मोठा व्यापारी, ब्राह्मी लिपीत लिहून ठेवतो की जंबुद्वीपात उत्तम असं हे शैलगृह मी पूर्ण केलं. नम्रता वगैरे भानगड नाही! पण त्याच लेण्यात धेनुकाकट नावाच्या गावचे किती तरी लोक भेटतात. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, त्याने एक दरवाजा दिला. तिथले यवन, म्हणजे परदेशी लोक आहेत, त्यांनी खांब दिले. आणि सामी नावाचा एक वढकी आहे. वढकी म्हणजे सुतार. दगडाच्या या कामात सुताराने दार केलं आणि आपलं नाव कोरून घेतलं.

आता विहार. भिक्षूंनी पावसाळ्यात राहायची जागा. मधे चौकोनी मोकळं दालन, तीन बाजूंना खोल्या, खोलीत दगडी ओटा, तोच बिछाना. बाहेर पाण्याचं टाकं, त्याला शिलालेखांत पोढी म्हटलंय. बसाल्टचा डोंगर, पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात ठणठणाट. पोढी नसेल तर लेण्यात राहणार कोण? म्हणून दान देणारा लेणं आणि पोढी यांचा उल्लेख बहुधा जोडीने करतो. कान्हेरीला गेलात तर मूर्ती पाहून झाल्यावर कातळात कोरलेल्या पन्हळींचा माग काढत जा. डोंगरावरचं पाणी कसं वळवून टाक्यात उतरवलंय ते पाहण्यासारखं आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरची लेणी आपण पांडवलेणी म्हणून ओळखतो. पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत, आणि त्यात एक शब्द येतो: अखयनिवि, म्हणजे अक्षय नीवी. मोडायची नाही अशी कायमची ठेव. उषवदाताने संघाला लेणं दिलं, आणि लेण्यात राहणाऱ्यांच्या खर्चासाठी ३००० काहापण, म्हणजे नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघटनांकडे, ठेवली. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही लिहिलेलं आहे. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ काहापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. आता हिशोब करून बघा. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंत वाटले की बरोबर बारा-बारा! हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, नोंदवला गेला, असंही लेख सांगतो. चैत्य आणि विहार यांच्या रांगेत अक्षय नीवी हा शब्द कलेच्या पुस्तकात सहसा नसतो. माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा. लेणं खोदणं एकदाच असतं, पण ते चालवायला दर वर्षी पैसे लागतात.

अजिंठ्याबद्दल दोनच गोष्टी. एक, तिथल्या चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हणतात, ते बरोबर नाही. फ्रेस्कोमध्ये ओल्या चुन्यावर रंग भरतात आणि तो गिलाव्यातच मुरतो. अजिंठ्याला गिलावा वाळल्यावर रंग चढवलाय. म्हणून आपला साधा 'भित्तिचित्र' हा शब्दच वापरावा. दुसरी, चोविसाव्या क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलंय, ते चुकवू नका. पूर्ण झालेलं लेणं कारागिराच्या खुणा पुसून टाकतं. अर्धवट लेण्यात छत आधी, जमीन शेवटी, हा क्रम उघडा दिसतो. वरून खाली खोदत यायचं, म्हणजे परांची बांधावी लागत नाही. न फोडलेला दगडच पायाखालची जमीन. वेरूळचं कैलास लेणं याच रीतीने डोंगराच्या माथ्यापासून खाली उतरत आलं.

आता देवळांकडे वळू, आणि तिथे पहिला शब्द समोर येतो तो हेमाडपंती. काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की आपण डोळे मिटून तो चिकटवतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं! तरीही त्याला हेमाडपंती म्हणणारे आहेत. लोकांच्या मनात असतं ते बांधकामाचं तंत्र: चुना न वापरता दगडावर दगड, खाचेत खाच बसवून रचायचा. त्याला शुष्कसांधी म्हणा, गोष्ट नेमकी होते.

आणि अंबरनाथची शैली? भूमिज. हा शब्द शिकायला अंबरनाथला मात्र जाऊ नका, कारण तिथलं शिखर आज पूर्ण नाही. सिन्नरच्या गोंदेश्वराला जा. शिखराच्या चार दिशांना वरपर्यंत चढत गेलेले चार उभे पट्टे दिसतात, त्या लता. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान लहान होत गेलेल्या, जोंधळ्याच्या कणसातल्या दाण्यांसारख्या गच्च. या आडव्या थरांना भूमी म्हणतात. गोंदेश्वर हे पंचायतनही आहे: मधे महादेव, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची छोटी देवळं.

देवळात शिरताना मंडप, मग छोटीशी मधली जागा म्हणजे अंतराळ, मग गर्भगृह. अंबरनाथला गर्भगृहात पायऱ्या उतरून जावं लागतं. मंडपात मान वर करा: छताला वितान म्हणतात. खरी कमान न वापरता, प्रत्येक थराचा दगड खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत घुमट मिटवलेला असतो. या पद्धतीला कदलिका-करण असं नाव आहे. खांबांच्या माथ्यावर तुळई पेलणारे बुटके, पोटाळलेले यक्ष असतात. काहींचे चेहरे अगदी वैतागलेले. एवढा भार डोक्यावर घेतल्यावर दुसरं काय होणार! भिंतीतून गर्भगृहाचं पाणी बाहेर सोडणारी मगरतोंडी पन्हळ म्हणजे मकरप्रणाल. शेवाळ धरलेली असते, पण तिचं काम आजही चालू असतं.

शेवटी एक शब्द ज्यासाठी तुम्हाला तिकीट काढून कुठे जायला नको: वीरगळ. लढाईत मेलेल्या वीराचा स्मारकदगड. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पारापाशी, देवळाच्या आवारात भिंतीला टेकवलेला. कुठे शेंदूर फासून त्याचा देव झालेला असतो, तर कुठे त्यावर कपडे आपटतात. तो वाचायचा खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर किंवा चाललेली लढाई. गाईगुरं कोरलेली असतील तर तो गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. त्यावरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर कलश, आणि दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सरला सहा वीरगळ आहेत. त्यांतल्या काहींच्या खालच्या चौकटींत वल्ह्यांच्या रांगा लावलेली गलबतं दिसतात. लढाई समुद्रावरची आहे. तिथे गेलात तर आधी खाली वाका, आणि एकेका गलबताला वल्ही किती ते मोजून पाहा.

नमस्कार.