महॉमेटच्या पाण्याखाली

[दृश्य: सपाट शेतं, क्षितिजापर्यंत मका. मधूनच धान्याचा उंच सायलो.]

इथे डोंगर नाही, साधं टेकाडसुद्धा नाही. अमेरिकेतलं इलिनॉय राज्य, त्याचा मधला भाग. गाडीतून जाताना दोन्ही अंगांना मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका.

इथली खरी नदी मात्र दिसत नाही. ती पुरलेली आहे. हिमयुगाच्या आधी इथून एक मोठी नदी वाहायची. मग उत्तरेकडून बर्फाचे थर सरकत आले. नदीचं खोरं वाळूने आणि गोट्यांनी भरून निघालं, वर चिकणमातीचं पांघरूण पडलं. नदी गेली, वाळू राहिली, आणि वाळूत पाणी राहिलं. भूजलाची माणसं अशा थराला जलधर म्हणतात. या जलधराचं नाव महॉमेट. शँपेन जिल्ह्यातल्या एका छोट्या गावाच्या नावावरून ते पडलं. पाच लाखांहून जास्त लोक हे पाणी पितात. अनेक गावांना दुसरं पाणीच नाही.

म्हणून 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने याला ‘एकमेव स्रोत’ असा दर्जा दिला. नाव मोठं आहे, पण दात फारसे नाहीत. केंद्राच्या पैशातून होणाऱ्या प्रकल्पांची तेवढी तपासणी होते. खासगी पैशातून कोणी काही करायचं म्हटलं तर हा दर्जा आड येत नाही.

[दृश्य: डेकॅटर शहर. कारखान्याच्या चिमण्या, रेल्वेचे डबे.]

या पाण्याच्या पट्ट्याच्या दक्षिणेला डेकॅटर आहे. आर्चर डॅनियल्स मिडलँड, म्हणजे एडीएम, या कंपनीचं हे गाव. इथे मक्यापासून इथेनॉल होतं. मका आंबला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आपल्याकडे साखर कारखान्याशेजारच्या डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा सुटतो, तोच हा वायू. चिमणीच्या धुरापेक्षा तो कितीतरी शुद्ध. पृथ्वी तापवणारा हा वायू हवेत जाऊ नये म्हणून पकडायचा, तर तो इथे सोपा आणि स्वस्त.

पकडला, पण ठेवायचा कुठे? सुमारे सात हजार फूट खाली माउंट सायमन नावाचा वालुकाश्म आहे. त्याच्या छिद्रांत समुद्रापेक्षा खारं पाणी भरलेलं आहे, आणि वर शेल नावाच्या चिकणमातीच्या खडकाचा घट्ट थर झाकणासारखा बसला आहे. आठशे मीटरच्या खाली गेलं की दाब आणि उष्णता इतकी वाढते की हा वायू वायू राहत नाही. तो द्रवासारखा दाट होतो आणि दगडाच्या छिद्रांत शिरतो. 2011 ते 2014 या तीन वर्षांत राज्याच्या भूवैज्ञानिकांनी इथे सुमारे दहा लाख टन वायू उतरवून पाहिला. 2017 पासून कंपनीची मोठी बोअर चालू झाली. कायमच्या साठवणुकीचा खास परवाना घेऊन चालू झालेली ती अमेरिकेतली पहिली.

2022 नंतर हिशेबच बदलला. जमिनीत कायमचा गाडलेल्या प्रत्येक टनामागे 85 डॉलरपर्यंत करसवलत मिळू लागली. मग काय, इलिनॉयच्या खालच्या दगडाला एकदम भाव आला.

[दृश्य: शेतातलं घर, अंगणात विहिरीचा पंप.]

आता इथल्या लोकांची बाजू समजायची तर जरा मागे जावं लागेल. शहरात बसून ‘आमच्या दारात नको म्हणणारे’ अशी चिठ्ठी चिकटवणं सोपं असतं. पण शँपेन जिल्ह्यात एका गॅस कंपनीने नैसर्गिक वायू जमिनीत साठवलेला आहे. हिवाळ्यात शिकागोला लागतो म्हणून. तो साठवलाय कुठे? त्याच माउंट सायमनमध्ये. तिथे तो हजारो फूट खोल आहे, वर झाकणाचा थरही आहे. तरी डिसेंबर 2016 मध्ये एका बोअरमधून गळती झाली आणि वायू वर, थेट महॉमेटच्या पाण्यात आला. आसपासच्या काही घरांच्या विहिरींत मिथेन येऊ लागला. असं पाणी ग्लासात घेतलं की सोड्यासारखं बुडबुडतं. विहीर खणून घेतलेल्या माणसाला त्या बुडबुड्यांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

दगड फुटला नव्हता. गळकी निघाली ती माणसाने पाडलेली बोअर. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

[दृश्य: मिसिसिपीमधला पावसाळी रस्ता.]

आणखी एक रात्र इथल्या सभांमध्ये वारंवार निघते. 22 फेब्रुवारी 2020, मिसिसिपी राज्यातलं सॅटार्शिया गाव. मुसळधार पावसाने जमीन खचली आणि कार्बन डायऑक्साइड वाहून नेणारी पाइपलाइन फुटली. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे सखल भागात पसरत गेला. पळून जायला गाड्या काढल्या, तर काही गाड्या वाटेतच बंद पडल्या, कारण इंजिनालाही प्राणवायू लागतो. 45 जणांना दवाखान्यात न्यावं लागलं.

[दृश्य: स्प्रिंगफील्ड, राज्याचं विधानभवन.]

जुलै 2024 मध्ये इलिनॉयच्या राज्यपालांनी कार्बन साठवणुकीच्या कायद्यावर सही केली. वायूच्या नव्या पाइपलाइनवर तात्पुरती बंदी, कंपन्यांकडून शुल्क, देखरेखीच्या अटी, असं बरंच काही त्यात होतं. पण शेतकऱ्याला झोंबलं ते वेगळंच. जमिनीखालच्या छिद्रांची मालकी वरच्या शेतकऱ्याचीच, असं कायद्याने मान्य केलं. मात्र एखाद्या प्रकल्पाच्या हद्दीतल्या 75 टक्के छिद्रांच्या मालकांनी होकार दिला, तर उरलेल्यांनाही त्यात ओढता येतं. मोबदला मिळतो, पण नाही म्हणता येत नाही. सातबारा स्वतःच्या नावावर असणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य कसं वाटतं ते.

महॉमेटच्या पाण्याला वगळा, ही मागणी मात्र त्या कायद्यात बसली नाही.

मग सप्टेंबर उजाडला आणि बातमी फुटली. डेकॅटरला एका देखरेखीच्या बोअरमध्ये गळती झाली होती. देखरेखीच्या! वायू कुठे चाललाय ते पाहायला जी नळी घातली, तिचंच पोलाद गंजलं. ओला कार्बन डायऑक्साइड म्हणजे सौम्य आम्लच, तो पोलाद खातो. सुमारे 8,000 टन द्रव, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि खारं पाणी यांचं मिश्रण, पाच हजार फुटांच्या आसपास, जिथे जायला परवानगी नव्हती त्या थरात पसरलं होतं. पिण्याच्या पाण्याला धोका नाही, असं कंपनीने सांगितलं. खोली पाहता ते पटण्यासारखं होतंही. प्यायचं पाणी काहीशे फुटांवर, गळती पाच हजारांवर.

पण गळती लक्षात आली होती मार्चमध्ये. सही झाली जुलैमध्ये. लोकांना कळलं सप्टेंबरमध्ये. या तीन महिन्यांच्या नावांनी जे केलं, ते कोणत्याही आंदोलनाला जमलं नसतं.

ऑगस्ट 2025 मध्ये महॉमेटवर बंदीचा कायदा झाला. या जलधराच्या वरून, खालून किंवा आरपार कुठेही कार्बन साठवता येणार नाही.

[दृश्य: युरोपचा नकाशा.]

अशी बंदी काही पहिली नाही. जर्मनीने 2012 मध्ये कायदा करतानाच राज्यांना नकाराची मुभा ठेवली, आणि उत्तरेकडच्या राज्यांनी ती वापरली. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या बारेंड्रेख्त शहराकडे असा अधिकारच नव्हता. तरी रिकाम्या झालेल्या गॅसच्या साठ्यात कार्बन डायऑक्साइड भरायची शेल या तेल कंपनीची योजना 2010 मध्ये सरकारला गुंडाळावी लागली. समजवायला आलेल्या मंत्र्यांना लोकांनी हुर्यो केली होती. आता तोच देश समुद्राखालच्या साठ्यांकडे वळला आहे. अमेरिकेतच लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टन पॅरिशने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, 2022 मध्ये चाचणी बोअरवर बंदी घातली. कंपनी कोर्टात गेली आणि बंदी अडवली गेली. जिल्ह्याने नाही म्हटलं तर कोर्टात टिकेलच असं नाही, राज्याने म्हटलं तर बात वेगळी. इलिनॉयच्या लोकांनी राजधानीच्या खेपा घातल्या त्या याचसाठी.

[दृश्य: काळ्या कातळातली जुनी दगडी विहीर, पायऱ्या, तळाशी पाणी.]

हे सगळं आपल्याला दूरचं वाटेल. पण 2022 च्या नीती आयोगाच्या अहवालात कार्बन साठवणुकीच्या जागांमध्ये बेसॉल्टचंही नाव आहे, आणि बेसॉल्ट म्हणजे दख्खनचा काळा कातळ. आइसलँडमध्ये पाण्यात मिसळून बेसॉल्टमध्ये सोडलेल्या वायूचा दोन वर्षांत बहुतेक सगळा दगड झाला, हे सिद्ध झालेलं आहे. शास्त्र म्हणून ते देखणंच आहे. मात्र आपल्या कातळाच्या वरच्या भेगांत, मुरमात, सच्छिद्र थरांत आपलं विहिरीचं पाणी आहे. आणि त्याच आइसलँडमध्ये हाफ्नारफ्योर्दूर शहराजवळ युरोपातून वायू आणून गाडायचा प्रकल्प लोकांच्या विरोधानंतर 2025 मध्ये मागे घ्यावा लागला.

[दृश्य: पुन्हा इलिनॉय. संध्याकाळ. दोन शेतांमधला सरळ रस्ता.]

महॉमेटची हद्द नकाशावर आखलेली आहे. प्रत्यक्षात तिथे कुंपण नाही, पाटी नाही. हद्दीच्या आतल्या शेतकऱ्याच्या जमिनीखाली आता कोणी वायू भरू शकत नाही. हद्दीपलीकडच्या शेतकऱ्याचीही विहीर आहे, फक्त तिचं पाणी त्या जुन्या नदीच्या वाळूतलं नाही. खाली माउंट सायमन दोघांच्याही जमिनीला सारखाच आहे. पलीकडच्याला मात्र अजून 75 टक्क्यांचा नियम लागू आहे.