जुहूच्या पुढे

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, मला पंचेचाळीस मिनिटं दिली होती. त्यातली दहा माझ्या परिचयात गेली, आणि त्यातलीही निम्मी मला न मिळालेल्या पुरस्कारांत. तक्रार नाही, ऐकायला बरं वाटलं.

पत्रिकेवर विषय छापलाय वैमानिक नेव्हिल विन्सेंट. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधोमध एक 'टी' आहे, तो कुणी उच्चारत नाही. माणसाचंही तसंच झालंय. सांगतो.

आधी एक परीक्षा. 15 ऑक्टोबर 1932 ला काय झालं? बघा, अर्धं सभागृह हात वर करतंय. टाटांच्या हवाई टपालाचं पहिलं उड्डाण. जेआरडी टाटा, कराचीहून पस मॉथ नावाचं छोटं विमान, सोबत टपाल, वाटेत अहमदाबादला इंधन, दुपारी जुहू. शाबास. आता पुढचा प्रश्न. पोती जुहूला उतरली. त्यातली मद्रासची पत्रं मद्रासला कशी गेली? मागून कुणीतरी म्हणतंय, रेल्वेनं. (हशा) हेच माझं दुखणं आहे! ती विन्सेंटनं नेली. मुंबईहून बेळ्ळारीमार्गे मद्रास. मार्ग कराची ते मद्रास होता हो, कराची ते जुहू नव्हे. 1962 ला जेआरडींनी ते उड्डाण पुन्हा करून दाखवलं, 1982 ला वयाच्या 78 व्या वर्षी लेपर्ड मॉथ हे जुनं विमान घेऊन पुन्हा केलं. दोन्ही वेळा टाळ्या मुंबईत. जेआरडींवर माझा काडीचाही आक्षेप नाही, ते स्वतः विन्सेंटला मनापासून श्रेय देत. आक्षेप आपल्यावर आहे. आपली आठवण जुहूला उतरते आणि घरी जाते.

मी हे का बोलतोय? मी इतिहासकार नाही. मी मेकॅनिक. आयुष्य हँगरमध्ये गेलं, त्यामुळे आमच्या सार्जंटबद्दल सांगितल्याशिवाय मला विन्सेंटकडे जाताच येणार नाही.

सार्जंट म्हणजे आमचे शिफ्टचे मुख्य. हवाई दलात पंधरा वर्षं इंजिन फिटर, मग विमान कंपनीत. हुद्दा मागेच सुटला होता, पण आम्ही शेवटपर्यंत सार्जंटच म्हणायचो. कंपनीचं नाव घेत नाही, पेन्शनीचे कागद अजून अडकलेत. (हशा)

एका रात्रपाळीची गोष्ट. पहाटेच्या विमानाचं इंजिन उघडलं होतं. काम झालं, काउलिंग म्हणजे इंजिनावरची झाकणं बंद झाली, मी हात पुसतोय, आणि सार्जंट हत्यारं मोजतायत. रोज मोजायचे. एक कमी. आरसा. दातांच्या डॉक्टरकडे असतो ना दांडीवरचा, तसला, आमचा जरा मोठा. इंजिनाच्या मागच्या बाजूला नजर जात नाही तिथे तो घालून बघायचं. सार्जंट म्हणाले, "उघडा." आम्ही म्हणालो, सर, जाईल कुठे, सकाळी सापडेल. "सकाळी ते विमान हवेत असेल. उघडा."

पुन्हा काउलिंग उघडली. मी पोटावर झोपून टॉर्च मारतोय, केसांत तेल गळतंय. प्रवासी बसची वाट बघत उभे, वरून फोनवर फोन. शेवटी एक साहेब स्वतः आले, टाय लावून, पहाटे साडेचारला! एका फुटक्या आरशासाठी विमान थांबवलंत? सार्जंट शांत. "फुटका नाही सर. हरवलेला."

मी उठलो. उठताना मागून काहीतरी टोचलं.

हो. माझ्याच पँटच्या मागच्या खिशात. (हशा) तुम्ही हसताय, मी तेव्हा मेलो होतो. सार्जंटनी आवाज चढवला नाही. रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाले, "लिही. वेळ, वस्तू, ठिकाण." मी लिहिलं: आरसा सापडला, ठिकाण माझा खिसा. उशिराच्या रिपोर्टवर मात्र सही त्यांनी स्वतःची केली, कारण शिफ्ट त्यांची. मेमो त्यांना आला. तो त्यांनी घडी करून टूलबॉक्सच्या झाकणात ठेवला, निवृत्तीपर्यंत तिथेच होता. निरोप समारंभात त्याच साहेबांनी त्यांच्या शौर्याबद्दल पंधरा मिनिटं भाषण केलं. सार्जंट घड्याळ बघत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. फौजी माणूस विमान कंपनीत शौर्य घेऊन येत नाही. शौर्याचं काय लोणचं घालायचंय तिथे? तो मोजायची सवय घेऊन येतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं, विन्सेंट पळवतो.

जन्म 1902. ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक, डीएफसी पदक मिळालेला. दल सोडून 1929 ला एका जोडीदाराबरोबर दोन जुनी डीएच 9 विमानं घेऊन हिंदुस्थानात आला. गावोगाव लोकांना पैसे घेऊन आकाशात फिरवायचं, असा धंदा. त्याच सुमारास लंडनहून कराचीपर्यंत हवाई टपाल सुरू झालं होतं, पण कराचीत उतरलेली पत्रं पुढे आगगाडीत बसायची. त्यात वाया जाणारे दिवस याच्या डोळ्यांत खुपले. योजना मांडून तो टाटांकडे गेला. भांडवल दोन लाख, विमानं दोन. सरकारनं अनुदानाला नकार दिला, तीन वर्षं कागद फिरले, शेवटी ठरलं की अनुदान नको, टपालाच्या वजनावर पैसे द्या. एप्रिल 1932 ला करार. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखल, म्हणून तेव्हा मुक्काम पुण्याला. विमानात रेडिओ नाही. अशा अवस्थेत 1933-34 या वर्षी हे टपाल शंभर टक्के वेळेवर पोचलं. हे शौर्य नाही हो, ही मोजणी आहे! आमच्या सार्जंटची जातकुळी.

आणि शेवट. 1942 चा जानेवारी. इथे विमानांचा कारखाना काढायचा होता, त्या कामासाठी तो इंग्लंडला निघाला होता. हडसन बॉम्बरमध्ये जागा मिळाली. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ते विमान पाडलं गेलं. वय चाळिशीच्याही आत.

बेळ्ळारीचं राहिलं. ती रात्र तो तिथे थांबला होता, मद्रासला दुसऱ्या दिवशी पोचला. का थांबला, ते चहाच्या वेळी विचारा, अध्यक्ष माझ्याकडे बघतायत.